पाणी कुठे मुरतंय, साहेब?

कंत्राटदार साहेब,



गेल्या बुधवारी आपण आमच्या कर्जतच्या घरी येऊन पोहण्याच्या तलावाची नाडी पाहिलीत. दुसऱ्या पायरीवरचा वाटीएवढा खड्डा बघून आपण असा काही उसासा सोडलात की सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. उपचारही उभ्या उभ्याच सांगितलात. तलाव उपसायचा, सगळं प्लास्टर तासून काढायचं, नवं करायचं. ऐन जुलैत! मुरूम आला म्हणून कातडी सोलणारा वैद्य आम्ही प्रथमच पाहिला.

“पाणी मुरतंय,” असं आपण म्हणालात. आपल्या शब्दाचा मान ठेवून मी तलावाच्याच पाण्याने बादली भरली आणि पहिल्या पायरीवर ठेवली. आतली आणि बाहेरची पातळी सारखी करून दोन्हीकडे पेन्सिलीने खुणा केल्या. नशिबाने पावसानेही एक दिवस उघडीप दिली. चोवीस तासांनी बघते तर बादलीतलं पाणी एक सूत उतरलेलं, आणि तलावातलंही एकच सूत. गळती असती तर तलाव जास्त उतरला असता. तेव्हा पाणी मुरतंय खरं, पण आमच्या तलावात नव्हे.

मग लाटणं घेऊन पाण्यात उतरले. (हसू नका, गवंडीही काठीने ठोकूनच बघतो.) खड्ड्याभोवती वीतभर ठोकलं, आवाज सगळीकडे खणखणीत, बद्द कुठेच नाही. म्हणजे प्लास्टर खालच्या काँक्रीटला घट्ट धरून आहे. खड्डा एक सूत खोल, प्लास्टर चार सूत जाड. तांबूस डागही नाही, म्हणजे सळई गंजून वर येत असल्याचं लक्षण नाही. यातलं एक जरी दिसलं असतं तरी मीच आपल्याला फोन केला असता. राहिली ती खरबरीत कडा. ती पोरांच्या तळव्यांना लागत होती, म्हणून वॉटर पेपरने घासली. खर्च वीस रुपये. ठिगळ मात्र मुद्दाम लावलं नाही. जुन्या प्लास्टरवर नवा पांढरा तुकडा सोनेरी दातासारखा चमकतो, आणि मग पाहुण्यांना आधी तोच दिसतो.

आता आपल्या उपशाकडे वळू. आमचा तलाव ६ मीटर लांब, ३ रुंद आणि सरासरी १.४ खोल, म्हणजे पोटात २५ टन पाणी. शेजारची विहीर जुलैत काठोकाठ असते, म्हणजे जमिनीतलं पाणीही तेवढंच वर आलेलं. अशा वेळी आतलं २५ टनांचं ओझं काढून घेतलं, तर खालचं पाणी रिकामी टाकी होडीसारखी वर उचलू शकतं. तडे तर जातातच, पाइपही तुटतात. आपल्या कोटेशनमध्ये नांगराचा खर्च कुठे धरलाय, ते मला सापडलं नाही.

खड्डा पडला कसा, हे आपण सांगितलं नाहीत. घाईत राहून गेलं असेल. मी पाणी तपासलं तर पीएच ६.८. तो ७.२ ते ७.८ हवा. त्यात पावसाच्या पाण्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. ते भुकेलं पाणी प्लास्टरमधला चुना खाऊ लागतं. पण मग सगळीकडेच खरबरीत व्हायला हवं होतं ना? एकाच पायरीवर, तेही इतकं गोल कसं?

मे महिन्यात आपला माणूस क्लोरीनच्या गोळ्यांची बरणी ठेवून गेला होता. “तरंगता डबा कशाला, पायरीवर ठेवा, आपोआप विरघळते,” असं सांगून पहिली गोळी त्याने स्वतःच ठेवली होती. ती ट्रायक्लोरची, विरघळताना भोवतीचं पाणी आंबट करते. काल मी त्याच बरणीतली एक गोळी काढून खड्ड्यावर धरून पाहिली.

डब्यावर झाकण बसावं तशी बसली.

बरणी पहारेकऱ्याच्या खोलीत ठेवली आहे. येऊन घेऊन जावी. बादली मात्र आमचीच आहे.

आपली,
दुसऱ्या पायरीची मालकीण