बुलेटचा सायलेन्सर

अमेरिकेत पॉइंट टू-टू रायफलीला सायलेन्सर निवडताना गिऱ्हाईक दोन गोष्टी बघते: आवाज किती दबतो आणि नळी उघडून साफ करता येते का. या काडतुसातल्या उघड्या शिशाच्या गोळीमुळे नळी आतून फार काजळी धरते, म्हणून दुसरा प्रश्न. गोळी ध्वनीहून वेगाने निघाली तर तिचा कडाका कुठलीच नळी दाबत नाही, ते वेगळे.

यावलमध्येही सायलेन्सर निवडतात. बुलेटचा.

‘आवाज कसा पायजे, भो?’ हा दुकानातला पहिला सवाल. पंजाब की इंदोरी, एवढाच पेच. पसंत पडला की कंपनीचा मुका सायलेन्सर गोठ्यात जातो, आणि फैजपूर रस्त्यावर केळीच्या बागाही दचकतात.

गंमत म्हणजे बंदुकीच्या नि बुलेटच्या, दोन्ही सायलेन्सरांचे गोत्र एकच. हायरम पर्सी मॅक्झिमने 1909 मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट घेतले. तापलेल्या वायूला पसरायला जागा द्यायची, हेच तत्त्व मोटारीच्या नळकांड्यातही चालते. (मशीनगन काढणारा मॅक्झिम त्याचा बाप. घरात एकाने कल्ला केला, दुसऱ्याने निस्तरला.)

आपला कायदाही रंगेल. 1959 च्या शस्त्र कायद्यात बंदुकीचा आवाज दाबणारी नळी स्वतःच ‘अग्निशस्त्र’ ठरते. उलट 1989 च्या मोटार वाहन नियमांतला 120 वा नियम प्रत्येक गाडीला, अगदी ट्रॅक्टरलाही, आवाज कमी करणारा सायलेन्सर सक्तीचा करतो. म्हणजे एकीकडे गप्प करणे गुन्हा, दुसरीकडे न करणे.

तापीपलीकडे वरणगावला काडतुसांचा सरकारी कारखाना आहे. यावलच्या झोपेला मात्र दोन चाकांवरची बुलेटच पुरते. पोलिसांनी जप्त नळकांड्यांवर रोलर फिरवला, की आठवड्यात नवा इंदोरी येतो.