ओढून बघा!

स्वतःच्या डोक्याची मागची बाजू स्वतःला दिसत नाही, ही निसर्गाने केलेली मोठी सोय आहे. पुढून आपण आवरायचं. मागे काय चाललंय ते ज्यांना दिसतं त्यांनी बोलावं. आपल्याकडे बोलणाऱ्यांची टंचाई नाही. माझ्या मानेपर्यंत कापलेल्या केसांविषयी सासूबाई माझ्या लग्नापासून बोलत आल्या आहेत. पण यंदा श्रावणात पुतण्याच्या बायकोची पहिली मंगळागौर ठरली, ‘सगळ्यांनी नऊवारी आणि लांब वेणी’ असा हुकूम ग्रुपवर निघाला, आणि माझी मागची बाजू हा घरगुती प्रश्न राहिला नाही. त्यावर उत्तर एकच होतं : गंगावन.

गंगावनाचा दुकानदार आधी आपल्या केसांकडे बघतो, मग आपल्याकडे, आणि मग आवाज खाली आणून विचारतो, “खऱ्याचं देऊ की नायलॉनचं?” कृत्रिम धागा कुठलाही असो, दुकानात तो नायलॉनच. खऱ्या केसांच्या किमतीत घरातल्या सगळ्यांच्या नऊवाऱ्या आल्या असत्या, त्यामुळे माझी निवड झालेलीच होती. पण सासूबाईंनी तिला शास्त्राधार दिला. “खरे केस म्हणजे कुणाचे कोण जाणे! तिरुपतीला लोक केस देतात, देवस्थान त्यांचा लिलाव करतं. कुणाचा नवस आपण कशाला डोक्यावर घ्यायचा?” नायलॉन मात्र कुणाच्याच डोक्यावर उगवलेलं नसल्याने ते सोवळ्यात चालतं, असा निर्णय झाला. अट एकच : आरतीच्या वेळी वेणी पुढे घ्यायची नाही. निरांजनाजवळ नायलॉन गेलं की सोवळं-ओवळं सगळंच वितळतं.

तसं पाहिलं तर खोट्या नटण्याला आपल्याकडे थोरामोठ्यांचा आशीर्वाद आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला घरंदाज बायका लुगडं कसं नेसावं, केसांत फुलं कशी माळावीत हे ज्यांच्याकडे बघून शिकत होत्या, ते बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. बाईने बाईसारखं कसं दिसावं हे एका पुरुषाने शिकवलं आणि महाराष्ट्राने ते आनंदाने गिरवलं. त्यामानाने माझं प्रकरण किरकोळ. मी बाई होतेच, फक्त वेणी कमी पडत होती.

ती लावायची कशी, हा पुढचा प्रश्न. वेणी हे मुळात दोन माणसांचं काम. एकीने पुढे बसून ‘आई गं’ म्हणायचं, दुसरीने मागे बसून ‘मान हलवू नकोस’ म्हणायचं. पण त्या सकाळी घरातल्या सगळ्या बायका आपापल्या डोक्यात गुंतल्या होत्या. मी एकटीच आरशासमोर बसले. तेल लावून केस चापून बसवले, मानेपाशी रबरात आवळले, तेव्हा हाती जे आलं त्याला शेपटी म्हणणं शेपटीचा अपमान होता. तिचे तीन भाग केले. गंगावनालाही तीन पेड असतात आणि माथ्याशी काळ्या दोऱ्याची गाठ. ती गाठ रबराखाली सरकवायची, दोरा गुंडाळायचा, आपल्या एकेका बटेला एकेक पेड जोडायचा आणि विणत जायचं. सांगायला सोपं.

मागचं दिसावं म्हणून हातात दुसरा आरसा घेतला आणि घोटाळा वाढला. दोन आरशांत उजवं-डावं दोनदा उलटतं, म्हणजे चक्क सुलटतं. पण आपली उभ्या आयुष्याची सवय एका आरशाची. मी उजवीकडे आकडा खोचायला जाई आणि आरशातली बाई भलतीकडेच हात नेई. शिवाय एका हातात आरसा, दुसऱ्या हातात वेणी आणि दातांत आकडे. त्यामुळे मदतीला हाक मारायचीही सोय उरली नाही.

अशा वेळी लंडनची भाची कामाला आली. तिने आदल्या दिवशीच व्हिडिओ पाठवले होते. तिथल्या कृष्णवर्णीय मुली स्वतःच्या डोक्यावर कृत्रिम केसांच्या वेण्या स्वतःच घालतात. अनेकींच्या हातात असतो तो कानेकालॉन नावाचा धागा, जपानच्या कानेका कंपनीने 1957 मध्ये आणलेला. टाळूवर चौकोनी भांग पाडायचे आणि एकेका चौकोनातून बारीक वेणी विणायची. मुळाशी गाठ दिसू नये म्हणून सुरुवात आपल्याच केसांनी करायची आणि धागा थोडा थोडा मिसळत न्यायचा. सगळं डोकं व्हायला सहा-आठ तास सहज जातात. शेवटी वेण्यांची टोकं उकळत्या पाण्यात बुडवायची, म्हणजे पीळ सुटत नाही. टाळूला खाज सुटू नये म्हणून काहीजणी धागा आधी व्हिनेगरच्या पाण्यात भिजवतात. मागच्या वेण्या घालताना त्या आरशात बघतसुद्धा नाहीत, बोटांनी चाचपत जातात. आणि रंग? जांभळा, गुलाबी, निळा. जांभळे केस कुणालाच उगवत नाहीत, त्यामुळे लपवण्याचा प्रश्नच मिटला. “मावशी, इथे एकमेकींना विचारतात, कुठून घेतलेस?” भाची म्हणाली. आपल्याकडे असं विचारलं तर बोलणं बंद होतं.

मी आरसा पालथा घातला, डोळे मिटले आणि बोटांवर सोडून दिलं. बोटांना जमलं! दुसऱ्या-तिसऱ्या पेडाला माझे स्वतःचे केस संपले आणि पुढचा प्रवास निखळ नायलॉनचा झाला. माझे केस मेंदीने तांबूस, गंगावन कुळकुळीत काळं; सांध्यावर गजरा बांधून सरहद्द झाकली. चाचपून खोचलेले आकडे इतके खोल गेले होते, की भुवया जागच्या जागी राहिल्या हेच नशीब.

मंगळागौरीला पाहते तो सगळ्याच कमरेपर्यंत केशवती. परवापर्यंत पोनीटेल मिरवणाऱ्या जाऊबाईंना एका रात्रीत शेपटा फुटलेला. झालं होतं असं, की सगळ्याजणी त्याच गल्लीतून, त्याच काळ्या रंगाचं गंगावन घेऊन आल्या होत्या. झिम्मा-फुगडीत पाठमोरं कोण कोणती ते कळेना. धाकट्या नणंदेचा मुलगा तीन वेगवेगळ्या वेण्या ओढून शेवटी आईपर्यंत पोचला. पण कुणी कुणाला एका शब्दाने विचारलं नाही. “कित्ती वाढले गं केस!” असं मी जाऊबाईंना म्हणाले, “जास्वंदीचं तेल,” असं त्या म्हणाल्या, आणि मी त्यांच्याकडून कृती लिहून घेतली.

पंचाईत झाली ती नव्या नवरीची. तिचे केस खरोखरच गुडघ्यापर्यंत आणि सगळेच्या सगळे तिचे स्वतःचे. “छान बसलंय हो गंगावन!” आत्याबाई म्हणाल्या. “अहो, माझेच आहेत,” ती बिचारी म्हणाली. आत्याबाई समजूतदारपणे हसल्या. मग काकू आल्या, मग वशेळ्या आल्या. ती प्रत्येकीला सांगत होती, भांग दाखवत होती, “ओढून बघा!” म्हणत होती. बायकांनी ओढून बघितलं. “घट्ट बसवलंय,” असं एकमताने ठरलं.

पहाटेपर्यंत पोरगी थकली. पुढच्या बाईने विचारलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “हो, नायलॉनचं आहे. दादरला मिळतं.”

तेव्हा कुठे सगळ्यांचं समाधान झालं आणि दुकानाचा पत्ता घ्यायला तिच्याभोवती गर्दी झाली. पत्ता मीही घेतला.