दोनदा मारला की लागतो

रविवारी सकाळी साडेआठच्या सुमारास आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून "मार... मार... मार... धर! धर म्हणतोय ना! सोडू नकोस!" असा आवाज आला, तर जुने रहिवासी हातातला चहाचा कपही खाली ठेवत नाहीत. मागे तिसऱ्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं. त्यांनी पहिल्याच रविवारी हे ऐकलं आणि नवराबायको दोघंही अनवाणी खाली धावले. खाली कोणी कोणाला मारत नव्हतं. गाडीखालून काकांचे दोन पाय बाहेर आले होते, आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसून काकू मेथी निवडता निवडता ब्रेकचं पेडल दाबत होत्या. काका ब्रेकमधली हवा काढत होते.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर पाणी अडवलं, पण गाडी अडवता येईना. गाडी लहानशीच, मलई रंगाची, नव्वदच्या दशकातली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण कंपनीचा यात काडीचाही दोष नाही. इंजिन अजून शिवणयंत्रासारखं चालतं, सीटची कव्हरं काकू दर दिवाळीला धुतात, डॅशबोर्डवरच्या गणपतीला रोज ताजं फूल असतं. फक्त ब्रेक मारला की पेडल खाली जातं. पुन्हा मारला की लागतो. "ब्रेक लागत नाही" असं मात्र काका कधी म्हणत नाहीत. ते म्हणतात, "पेडल जरा खाली जातंय." शुगर तीनशेवर गेलेला माणूस "थोडी बॉर्डरवर आहे" म्हणतो ना, त्या चालीवर. आणि लगेच दिलासा देतात, "लागतो हो. दोनदा मारला की लागतो."

ही सवय आता त्यांच्या अंगात इतकी भिनलीय, की बेलही ते दोनदा वाजवतात. पहिली हवा काढायला.

अशी माणसं प्रत्येक सोसायटीत एक तरी असतातच. कोणाचा एसी गार होत नाही, कोणाच्या गाडीला दुसरा गिअर पडत नाही, कोणाच्या मागच्या दाराची काच चढवायला दोघं लागतात. पण ब्रेकवाला या सगळ्यांत वरच्या पायरीचा. बाकीच्यांची नुसती गैरसोय होते, याच्याकडे जीवन-मरणाचा प्रश्न असतो, त्यामुळे त्याच्या बोलण्याला एक वजन येतं. गाडी विका म्हटलं तर काका दुखावतात. "अशी कशी विकायची? ब्रेकचं काम बाकी असलेली गाडी कुणाच्या गळ्यात मारू? आधी ब्रेक नीट होऊ दे." आणि ब्रेक नीट झाल्यावर? "मग कशाला विकायची?"

काकांची एक वही आहे. दोनशे पानी, खाकी कव्हर, कोपऱ्यात लाल शाईत "वाहन". खर्च, तारीख, किलोमीटर, मिस्त्रीचं म्हणणं आणि 'परिणाम' असे तिला रकाने आहेत. परिणामाच्या रकान्यात सगळीकडे एकच मजकूर आहे : "१५ दिवस उत्तम." मी ती वही चाळायला घेतली की काका पहिलं पान स्वतःच उलटतात. "ते सोड, किरकोळ आहे. इथून बघ." दुसऱ्या पानापासून इतिहास सुरू होतो. मास्टर सिलिंडरचं किट. मग अख्खा मास्टर सिलिंडर. मग व्हील सिलिंडर. मग रबरी होजपाइप, कारण एका मिस्त्रीच्या मते ते आतून फुगत होते. मग बूस्टर. मग पुढच्या डिस्क लेथवर मारून घेतल्या, मग नव्याच घातल्या. मध्येच एका सुट्टीत भाचा आला. मामांना मदत म्हणून त्यानं ब्रेक ऑइलच्या बाटलीत पॉवर स्टिअरिंगचं तेल टॉपअप केलं, आणि आठ दिवसांत आतली झाडून सगळी रबरं मेदूवड्यासारखी फुगली. ते पान वहीत वेगळ्या शाईनं लिहिलंय.

काढलेला प्रत्येक पार्ट काका घरी आणतात. "जुना पार्ट मालकाचा," हा त्यांचा नियम. गॅलरीत खारीच्या एका मोठ्या डब्यात ते सगळं सामान वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेलं असतं. काकूंनी एकदा भंगारवाल्याला डबा दाखवला, तर तो म्हणाला, "यात एक पूर्ण गाडी थांबंल."

मिस्त्री किती झाले हे वहीत मोजता येतं. मी अकरापर्यंत मोजले. ते मिळाले कसे, ही वेगळीच मजा आहे. आपल्याकडे दुरुस्ती गॅरेजमध्ये होत नाही, 'माणसा'कडे होते. "माझा एक माणूस आहे हडपसरला. आवाजावरून सांगतो." "भोसरीला एक म्हातारा आहे, बोर्ड नाही, काही नाही, पण हात लावला की संपलं." काका पत्ता लिहून घेतात आणि शनिवारी निघतात. तिथे गेल्यावर पहिली पाच मिनिटं जे घडतं, ते अकराही ठिकाणी अगदी तसंच घडलेलं आहे. मिस्त्री चाक काढतो. ड्रम ठोकून सैल करतो. आत बघतो. मग हात कापडाला पुसत सावकाश उभा राहतो आणि विचारतो,

"कोणी केलं हो हे काम?"

या प्रश्नात करुणा असते, तिरस्कार असतो, आणि येणाऱ्या बिलाची नांदीही असते. काकांना तो ऐकायला फार आवडतो. त्यांचा चेहरा खुलतो. "तेच ना! लोकांना अक्कल नसते हो. कामात लक्ष नाही, नुसता पैसा," असं म्हणून ते आणि नवा मिस्त्री मिळून आधीच्या मिस्त्रीचा उद्धार करतात. तेवढ्यात चहा येतो. अर्धा तास गप्पा रंगतात. सहा महिन्यांनी हाच मिस्त्री भोसरीच्या म्हाताऱ्यासमोर 'आधीचा' झालेला असतो. मला वाटतं, या अर्ध्या तासासाठी काकांनी आणखी अकरा मिस्त्री केले असते.

मग हवा काढणं. हे दृश्य ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. चाकामागे एक छोटा निपल असतो. त्याला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवायचं. गाडीतल्यानं पेडल तीन-चारदा मारून दाबून धरायचं, खालच्यानं निपल सैल करायचा, की बुडबुडे निघतात. निपल पुन्हा आवळेपर्यंत पाय सोडायचा नाही, नाहीतर गेली ती हवा दुप्पट होऊन परत येते. शेवटी नुसतं तेल येऊ लागलं की झालं. गॅरेजमध्ये पेडलवर पोरगा बसतो, घरी काकू. मुलीच्या लग्नाच्या वेळी वराकडच्यांनी विचारलं, "आई काय करतात?" तर मुलगी म्हणाली, "धरतात."

ट्रायलला ब्रेक चाबूक लागतो. डॉक्टरसमोर खोकला येत नाही, तसं मिस्त्रीसमोर पेडल कधी खाली जात नाही. पंधरा वर्षं भरल्यावर गाडीचं फेरनोंदणीचं पासिंग होतं, तेव्हाही काका रात्रभर झोपले नव्हते. निरीक्षकांनी ब्रेक मारला आणि गाडी जागच्या जागी खिळली. कपाळ काचेला लागता लागता वाचलं, ते काकांचंच. पासिंग आटोपून गाडी घरी आली ती सोसायटीच्या गेटला टेकून थांबली.

ब्रेक का लागत नाही, याचं शास्त्र मात्र काकांना तोंडपाठ आहे. ते मी पहिल्यांदा नीट ऐकलं दिवे घाट उतरताना. सासवडहून येत होतो. काकांनी पहिला गिअर टाकला, इंजिन कण्हायला लागलं, मागे ट्रक, टेम्पो आणि एसटी अशी वरात लागली. सगळ्यांचे हॉर्न एकाच सुरात. मी दाराचं हँडल धरून, गुडघे डॅशबोर्डला टेकवून बसलेलो. काका शांत.

"पास्कल," ते म्हणाले. "नववीत होता ना तुला? बंद भांड्यातल्या द्रवाला कुठंही दाब दे, तो सगळीकडे सारखा पोचतो. म्हणून एका पायानं चार चाकं थांबतात."

"थांबतात का?" मी विचारलं.

"द्रव दबत नाही. हवा दबते. आत हवा असली की पाय हवाच दाबत बसतो." पुढे वळण होतं. काकांनी पेडल दोनदा हाणलं आणि बोलणं पुढे चालू ठेवलं. "आणि हे तेल हवेतलं पाणी पितं. साधं डॉट-३ नवं असताना २०५ अंशांच्या पुढे उकळतं, पाणी प्यालं की १४० लाच. घाटात तापलं की आत वाफ. वाफ म्हणजे परत हवाच. म्हणून मी नाना पेठेतून सीलबंद छोटी बाटलीच आणतो. उघडी बाटली पावसाळ्यात ठेवायचीच नाही." मग घाटाखालची वडकी दिसायला लागल्यावर त्यांना जरा मोकळं वाटलं असावं. "हाच पास्कल, १६६२ साली त्यानं पॅरिसमध्ये भाड्याच्या घोडागाड्या सुरू केल्या. ठरलेला मार्ग, ठरलेलं तिकीट. आपल्या पीएमटीचा पणजोबाच म्हण. आणि त्याच वर्षी गेला. एकोणचाळिसाव्या वर्षी."

"कशानं?"

"आजारपणानं. त्याच्या गाड्यांना काय धाड भरलीय? घोडे होते. लगाम ओढला की थांबले."

नवले पुलाच्या उतारावर मात्र काका कधीही जात नाहीत. २०२२ च्या नोव्हेंबरात तिथे एका ट्रकनं एकामागून एक कितीतरी गाड्या उडवल्या. त्यानंतर ब्रेकवरचे विनोद आमच्या सोसायटीतही थोडे कमी झाले. काकांनीही त्या आठवड्यात गाडी काढली नव्हती.

एरवी त्यांच्याइतकं जपून चालवणारा माणूस पुण्यात दुसरा नसेल. ते पुढच्या गाडीपासून चार गाड्यांचं अंतर ठेवतात. त्या अंतरात चौदा दुचाक्या, दोन रिक्षा आणि एक भाजीची हातगाडी येऊन बसते. मग काका पुन्हा चार गाड्यांचं अंतर ठेवतात. या हिशेबानं कर्वे रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता गाडी खरं म्हणजे मागे मागे जायला हवी. रस्तेही ते चढाचे निवडतात. चढावर गाडी आपोआप थांबते, ब्रेक मागत नाही. जाताना चढ म्हटलं की येताना उतार आलाच. म्हणून येताना काकू रिक्षानं येतात.

काकूंविषयी लिहायला वेगळा लेख लागेल. त्यांच्या बाजूला पेडल नाही, तरी गेली कित्येक वर्षं त्यांचा उजवा पाय ब्रेक मारतो आहे. तिथल्या मॅटला टाचेच्या आकाराचं भोक पडलंय. हँडब्रेकही नावालाच लागतो, त्यामुळे डिकीत एक अर्धी वीट असते, बिग शॉपरच्या जुन्या पिशवीत. मागे एका लग्नाला कार्यालय टेकडीवर होतं. गाडी थांबली, दार उघडलं, आणि मोरपंखी पैठणीत, नाकात नथ, केसांत गजरा अशा काकू उतरल्या. डिकीतून पिशवी काढली. मागच्या चाकाशी वाकून, पदर सावरून, नैवेद्याचं ताट ठेवावं तशी त्यांनी वीट ठेवली. पायानं दोनदा दाबून पाहिली. मग हात झटकले आणि अत्तर लावणाऱ्या मुलीसमोर मनगट पुढे केलं. मागच्या गाडीतल्या एका बाईंनी आपल्या नवऱ्याला विचारलंसुद्धा, "हे यांच्यात असतं का हो?"

गेल्या महिन्यात पेट्रोल पंपाशेजारच्या एका नव्या गॅरेजचा पत्ता मिळाला. हा बारावा माणूस, नुकताच आयटीआय करून आलेला, मिशीही धड न फुटलेला. काकांचा त्याच्यावर विश्वास नव्हता, पण तो म्हातारा भोसरीहून गावी गेलेला. मीही गेलो होतो बरोबर. काकू मागच्या सीटवर, वही पर्समध्ये.

पोरानं मागची दोन्ही चाकं काढली. बाकीचे एका वेळी एकच ड्रम उघडायचे. यानं दोन्ही उघडून ठेवले आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिला. मग दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर काढून तळहातावर घेतले. बोटाएवढी लोखंडी कांडी, मध्ये दातेरी चाकी. लायनर झिजत जातील तशी ही चाकी आपसूक फिरते, कांडी लांब होते आणि लायनर ड्रमच्या जवळ राहतात. त्यानं त्या चिंधीनं स्वच्छ पुसल्या. एकीवर इंग्रजी एल कोरलेला, दुसरीवर आर.

"हे बघा काका. आटे उलटसुलट असतात. डावं उजवीकडे बसवलंय, उजवं डावीकडे. म्हणून चाकी लायनर जवळ आणायच्या ऐवजी दर वेळी थोडे लांबच नेते. मिस्त्री लोक स्क्रूड्रायव्हरनं हातानं टाइट करून देत असणार. पंधरा दिवस बरं चालत असेल ना?"

काका काही बोलले नाहीत.

"हवाबिवा काही नाही यात. हँडब्रेक पण लागत नसेल."

"वीट आहे," काकू मागून म्हणाल्या.

"पण मग इतक्या जणांनी उघडलं ना हे," मी म्हणालो.

"उघडलं असंल. पण जे जिथून काढलं, तिथंच लावलं." पोरानं कांड्यांची अदलाबदल केली, स्प्रिंगा चढवल्या, ड्रम बसवला. सगळं मिळून पाऊण तास. मग सवयीनं हात कापडाला पुसत उभा राहिला. "सुरुवातीला ज्यानं लायनर बदलले ना, त्याचा घोळ आहे हा. कोणी केलं हो हे काम?"

काका समोरच्या पत्र्याकडे बघत होते. "असेल कोणीतरी," ते म्हणाले. "लोकांना अक्कल नसते."

काकूंनी पर्समधून वही काढली. चष्मा लावला. पहिलं पान उघडलं आणि काही न बोलता त्यांच्यासमोर धरलं. पाटबंधाऱ्यातलं ते सुरेख, एकसारखं अक्षर मला बाजूनंही वाचता आलं. "ऑक्टोबर २००९, रविवार. मागचे लायनर घरीच बदलले. मजुरी : शून्य. परिणाम : उत्तम."