बुडीत खातं

शब्द दिला की पाळायचा, या एका गुणावर तात्यांनी सहकारनगरात उभा जन्म काढला. पत्रिकेवर 11 वाजून 42 मिनिटांचा मुहूर्त असेल, तर 11 वाजून 40 मिनिटांनी तात्या मुठीत अक्षता घेऊन उभे. तिकडे नवरदेव अजून सोवळं शोधत असे. मंडळाच्या वर्गणीचा हिशेब, वरच्या मजल्यावरच्या आजींचा हयातीचा दाखला, कुणाच्या मुलाचा प्रवेशअर्ज, सगळं तात्यांकडे. नोकरी सहकारी बँकेच्या कर्जवसुली खात्यात. तात्या नुसते दारात उभे राहिले तरी समोरच्याचा हात खिशाकडे जायचा.

असा हा सज्जन माणूस एकाच इसमाला वर्षानुवर्षं टोप्या घालत आला. तो इसम म्हणजे ते स्वतः.

1983 साली पुण्यात आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली, तेव्हा कॉलेजात असलेल्या तात्यांनी ‘पुढच्या वर्षी मीही’ असं जाहीर केलं. त्या पुढच्या वर्षाने आता चाळिशी ओलांडली आहे. मॉडेल कॉलनीतल्या अय्यंगारांच्या योगसंस्थेचा फॉर्म आणला, फाइलला लावला, फाइलवर वळणदार अक्षरात ‘योग’ असं लिहिलं आणि फाइल कपाटात ठेवली. अय्यंगार लहानपणी किती दुखणाईत होते, 1937 साली पुण्यात कसे आले, हे सगळं तात्यांना तोंडपाठ. आसन एकही नाही. दर डिसेंबरात अप्पा बळवंत चौकातून नवी डायरी यायची. तिच्यातलं वर्ष 1 जानेवारीला सुरू होऊन 4 जानेवारीला संपायचं.

पहाटे पाचचा गजर मात्र कधी चुकला नाही. त्याने घरातले सगळे उठत, एक तात्या सोडून. शेवटी काकूंनी पलंगाच्या डोक्याशी पाटी लावली: ‘गजर लावणाऱ्याने स्वतः उठावे. इतरांस उठवण्याचे कंत्राट दिलेले नाही. हुकमावरून.’

कुणी फारच छेडलं की तात्या टिळकांना पुढे करत. डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष टिळकांनी अभ्यास बाजूला ठेवून तब्येत कमावण्यात घालवलं, ही गोष्ट पुण्यातल्या प्रत्येक नापास मुलाला ठाऊक असते. ‘‘टिळकांनीसुद्धा तब्येतीला एक वर्ष दिलं होतं,’’ तात्या म्हणायचे.

‘‘त्यांनी त्या वर्षात जोर काढले होते हो,’’ काकू आतून म्हणायच्या. ‘‘तुम्ही नुसती वर्षंच दिलीत.’’

निवृत्तीनंतर हिंजवडीला नोकरी करणारी सून म्हणाली, ‘‘बाबा, आता थोडं सेल्फ-केअर करा.’’ तात्यांना तो नवा साबण वाटला असावा. पण त्या निमित्ताने कपाट आवरताना सगळ्या डायऱ्या एकदम हाताशी आल्या. मी त्या वेळी तिथेच चहा पीत होतो. तात्यांनी चष्मा लावला आणि एकेक डायरी चाळत गेले. समोर थकबाकीदाराची कागदपत्रं पडली की चेहरा जसा होई, तसा झाला.

‘‘या माणसाला मी शंभर रुपये दिले नसते,’’ ते म्हणाले. ‘‘पतच नाही.’’

माझ्या मते तात्यांचं खरं मोठेपण यानंतरच्या वाक्यात आहे. दुसरा कुणी असता तर त्याने स्वतःला शिव्या घालून पुन्हा पाचचा गजर लावला असता. तात्या वसुलीत मुरलेले. इतकी वर्षं बुडवणारा माणूस भाषणाने सुधारत नाही आणि जप्तीच्या धमकीनेही नाही, हे त्यांनी पाहिलेलं. ‘‘कर्ज नव्याने बांधायचं,’’ ते म्हणाले. ‘‘हप्ता इतका लहान करायचा, की बुडवायची लाज वाटली पाहिजे.’’

पहिला हप्ता ठरला तो असा: सकाळचा चहा झाला की गल्लीच्या टोकाच्या विजेच्या खांबापर्यंत जायचं, खांबाला हात लावायचा, परत. गल्लीतली पोरं हसली. पुढे मीच एकदा म्हटलं, ‘‘तात्या, हवा छान पडलीय, तळजाईपर्यंत जाऊ.’’

‘‘नाही. करारात खांब आहे.’’

‘‘थोडा आगाऊ भरा की.’’

‘‘आगाऊ भरणारेच पुढे बुडवतात. पस्तीस वर्षं तेच पाहिलंय.’’

एकदा तापाने निजून होते, तर डायरीत लिहिलं: ‘थकीत. दंड नाही.’ काकूंनी विचारलं, दंड का नाही? तर म्हणे, दंड लावला की कर्जदार तोंड चुकवतो, मग तो सापडतच नाही. ही मात्र बँकेत असताना त्यांनी कुणाला दिलेली सवलत नव्हे.

शरीर हे तारण, त्याची देखभाल आधी, हे कलम पुढे घातलं गेलं आणि सोसायटीवर संकट आलं. रात्री साडेनऊला फोन बंद. दुपारी एक ते चार झोप. चितळ्यांनी 2017 साली दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली, तेव्हापासून पुण्याची दुपार राखण्याची जबाबदारी आपल्यावर येऊन पडली आहे, अशी तात्यांची समजूत. मंडळाची मुलं तीनला आली तर दारावर तात्यांच्याच अक्षरात: ‘मालक स्वतःच्या कामात आहेत. काम म्हणजे झोप. चौकशी करू नये.’ महिनाभर हाहाकार झाला. मग आजींचा हयातीचा दाखला नातवाने मोबाइलवर काढला, मुलाने अर्ज स्वतः भरला. तात्यांवाचून जग चालतं, हा शोध लागल्यावर तात्या दोन दिवस घुम्यासारखे होते. तिसऱ्या दिवशी अर्धा तास जास्त झोपले.

खांब मागे पडला, पर्वतीचा पायथा आला. पर्वतीच्या 103 पायऱ्या. 1749 साली वर देवदेवेश्वराचं मंदिर बांधताना नानासाहेब पेशव्यांनी हप्त्यांचा विचार केलेला नव्हता. तात्यांनी दहादहाच्या वाटण्या केल्या. उरलेल्या तीन पायऱ्या व्याज. डायरीचं वर्ष मार्चात पोहोचलं, मग जूनमध्ये. तात्या थोडे असह्यही झाले. जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला ‘तुमचा हप्ता किती?’ असं विचारू लागले. लोक जिना टाळून लिफ्टने जाऊ लागले.

मग सिंहगड. स्वारगेटहून 50 नंबरची बस, पायथ्याला उतरून आतकरवाडीची वाट. करार तासभर चढण्याचा. काकू, मुलगा, सून, मी, सगळे बरोबर. तात्या खरोखर छान चढले, न बोलता, एका लयीत. तास भरला तेव्हा पुणे दरवाजा अगदी जवळ आलेला. तात्या दगडावर बसले, डायरी काढली, सही केली.

‘‘अहो, दहा मिनिटांवर आहे!’’ मुलगा कळवळला.

‘‘असेल. दरवाजाचा हप्ता पुढच्या रविवारी.’’

वरून उतरणारा एक अनोळखी कॉलेजकुमार ‘‘काका, होईल, होईल!’’ म्हणाला. ‘‘होईल हे मला माहीत आहे,’’ तात्या म्हणाले. ‘‘म्हणूनच घाई नाही.’’ आणि शांतपणे खाली निघाले.

आम्ही वर गेलो. पिठलं-भाकरी झाली, मटक्यातलं दही झालं. दुपारी पायथ्याला आलो तर तात्या बसथांब्यावर सावलीत बसलेले, चेहऱ्यावर कर्जफेडीचं तेज.

‘‘कांदाभजी होती का?’’ त्यांनी विचारलं.

‘‘होती ना. गरमागरम.’’

‘‘मग माझ्यासाठी नाही आणलीत?’’

‘‘करारात नव्हती,’’ काकू म्हणाल्या, आणि बसमध्ये चढल्या.