बदकांना अभय

जुना व्हिडिओ गेम घरात एकटा कधीच येत नाही. पूर्वी नव्या नवरीबरोबर पाठराखीण यायची, तशी त्याच्याबरोबर एक वजनदार पाठराखीण येतेच. बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या आमच्या भाच्याने हा नाद धरला तेव्हा मला वाटले होते, पुठ्ठ्याचा एक खोका येईल, माळ्यावर जाईल आणि विषय संपेल. खोका आला, त्यातून ‘लिटल मास्टर’ नावाचे पिवळे पडलेले यंत्र निघाले, दोन रिमोट निघाले, ‘9999999 इन 1’ असे छातीठोकपणे छापलेली कॅसेट निघाली (त्यातल्या पहिल्या काही खेळांनंतर तेच खेळ नावे बदलून पुन्हा हजेरी लावतात) आणि तळाशी एक प्लॅस्टिकचे पिस्तूल निघाले. सगळा घोळ त्या पिस्तुलाने घातला.

हे यंत्र म्हणजे निन्तेन्दोने 1983 साली जपानात काढलेल्या फॅमिकॉमचा चुलत-चुलत भाऊ. खरे नाव आमच्याकडे कुणाला ठाऊक नव्हते, गरजही नव्हती. पोरे नुसते ‘व्हिडिओ गेम’ म्हणत, आणि ज्याच्या घरी तो असे त्याला मे महिन्यात मित्रांची वाण पडत नसे. कॅसेट चालली नाही की तिच्या तोंडात फुंकर घालायची, हे शास्त्र कुणी कुणाला न शिकवता साऱ्या जगातल्या मुलांना अवगत होते. निन्तेन्दो सांगत राहिली की बाबांनो, फुंकू नका, श्वासातल्या ओलाव्याने पट्ट्या गंजतात. पण कॅसेट काढून पुन्हा बसवली की ती पुष्कळदा चालतेच, आणि मधल्या वेळात फुंकर घातलेली असल्यामुळे श्रेय तिला जाते. कितीतरी नवससायास याच हिशेबावर फळतात, म्हणून मी भाच्याला टोकत नाही.

तर पिस्तूल. 1984 सालच्या ‘डक हंट’मध्ये गवतातून बदक उडते आणि आपण ते टिपायचे. भाच्याने भिंतीवरच्या नव्या, सपाट टीव्हीला यंत्र जोडले, नेम धरला, चाप ओढला. बदक शांतपणे उडून गेले. गवतातून तो प्रसिद्ध कुत्रा वर आला आणि तोंडावर पंजा धरून हसला. भाचा टीव्हीच्या इतका जवळ गेला की नळी बदकाच्या पिसांना टेकली. तरी बदक गेलेच.

त्याचे कारण मोठे गोड आहे. हे पिस्तूल काही सोडत नाही, ते फक्त बघते. त्याच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक भाग असतो. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीला तो दिसला तर बदक पडले. फॅमिकॉमचे शिल्पकार मासायुकी उएमुरा निन्तेन्दोत येण्यापूर्वी शार्प कंपनीत असेच प्रकाश ओळखणारे सेल विकत होते, आणि त्या सेलमधूनच निन्तेन्दोच्या बंदुकांचा वंश सुरू झाला. पण जुन्या टीव्हीत चित्र एकदम उभे राहत नाही. एक तेजाचा ठिपका सेकंदाला पंधरा हजारांहून जास्त ओळी ओढत ते सतत काढत असतो. पिस्तुलाची ओळख त्या थरथरीशी. सपाट टीव्हीला ती थरथरच नाही, वर चित्रही किंचित उशिरा येते. त्यामुळे त्याच्यावरची बदके अमर आहेत. खालच्या मजल्यावरच्या जैन बेनना हे समजले तेव्हा त्या म्हणाल्या, “सारुं थयुं!” एवढ्या मनापासून नव्या टीव्हीचे कौतुक मी त्याच्या जाहिरातीतही ऐकलेले नाही.

मग पोटाळ टीव्हीचा शोध सुरू झाला. शेजारी भरूचजवळ चावजला एके काळी पिक्चर ट्यूबची काच बनत असे, आणि आता बडोद्यातल्या भंगारवाल्यांना “ट्यूबवाला टीव्ही आहे का?” असे विचारले की ते विचारणाऱ्याच्या प्रकृतीची चौकशी करतात. अखेर एकवीस इंची मिळाला. दोघांनी कण्हत जिन्यावरून वर आणला. भाचेसून म्हणाली, “कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा आहे, ममी आहे, तिथे नाही का याला जागा?” भाच्याला ही थट्टा वाटली नाही. सयाजीरावांच्या गावात कुठलीही वस्तू जपायला कारण लागत नाही, असे त्याचे प्रामाणिक मत आहे.

रिमोटचे एक बटण रुतत होते. त्याने तो उघडला तेव्हा रबराच्या पापुद्र्याखाली साखरेचा कण चिकटलेला आणि त्यात एक हिरवट तीळ. बडोद्याचा लीला चेवडा. कुणाच्या बोटांचा कोण जाणे. यंत्र जुन्या बाजारातले. पण भाच्याचा धाकटा भाऊ, जो आता न्यू जर्सीत असतो, चेवड्याच्या हातांनीच खेळायचा आणि मार खायचा. भाच्याने पट्टी स्पिरिटने पुसली, बटण बसवले, आणि तो तीळ मात्र कागदाच्या पुडीत घालून यंत्राच्या खोक्यात ठेवला. मी विचारले नाही.

आता रविवारी शिकार असते. ताईला, म्हणजे भाच्याच्या आईला, बदके मारणे मुळीच पसंत नाही. पण या खेळात एक सोय आहे, जी भाच्यांच्या लहानपणी आमच्यापैकी कुणाला कळली नव्हती: एकच बदक उडत असते त्या प्रकारात दुसऱ्या माणसाला रिमोटने ते बदक उडवता येते. भाच्याने आईच्या हाती रिमोट दिला. तेव्हापासून एका बाजूला मुलगा पिस्तूल रोखून, दुसऱ्या बाजूला सत्तरी ओलांडलेली आई चष्मा सावरत अंगठ्याने बदकाला डावीउजवीकडे पळवते आहे. न्यू जर्सीचा मुलगा फोनवरून ओरडतो, “आई, वर ने, वर!” बदक निसटते, कुत्रा हसतो, आणि ताई रिमोट खाली ठेवून म्हणते, “गेलं बाई सुखरूप. उठा आता, कढी निवते आहे.”