भाऊसाहेबांचे शेरे

मामलेदार कचेरीत उमेदवारीने प्रवेश करून, मग तलाठी आणि अखेरीस अव्वल कारकून अशा चढत्या श्रेणीने ज्यांनी आपली उभी हयात तांबड्या बासनांच्या सहवासात काढली, आणि जे स्वतः निवृत्त झाले तरी ज्यांच्या बोलण्यातून ‘सदरहू’, ‘उपरोक्त’ आणि ‘बरहुकूम’ हे शब्द काही केल्या निवृत्त होत नाहीत, असे एकदोन गृहस्थ प्रत्येक तालुक्याच्या गावी असतातच. आमच्या कागलातल्या अशा एका गृहस्थांना सारे गाव भाऊसाहेब म्हणते. त्यांच्या मते या सृष्टीतील यच्चयावत् वस्तूंचे दोनच वर्ग आहेत. दप्तरी दाखल असलेल्या आणि नसलेल्या. पहिल्या वर्गातल्या वस्तू वाईट असल्या तरी खऱ्या असतात आणि दुसऱ्या वर्गातल्या चांगल्या असल्या तरी संशयास्पद, हा सिद्धान्त त्यांनी सातबाऱ्यापासून थेट मोबाइलपर्यंत आणून सोडला आहे.

पुण्यात नोकरी करणाऱ्या चिरंजीवांनी त्यांना स्मार्टफोन आणून दिला, तेव्हा त्यांनी प्रथम त्याची ताबेपावती लिहून दिली आणि मगच खोके उघडले. पुढे पडद्यावर अटी-शर्तींचा मजकूर अवतरला व त्याखाली ‘मी सहमत आहे’ अशी चौकट आली, त्यासरशी चष्मा पुसून ते वाचनास बसले. नातू बराच वेळ चुळबुळत होता. शेवटी तो म्हणाला, “आबा, ते कोन वाचतंय ओ? दाबा की बोट!” यावर भाऊसाहेबांनी मान वर न करता उत्तर दिले, “न वाचता अंगठा उठवणाऱ्यांच्या जमिनी कुठं गेल्या, त्याचे फेरफार मी स्वतःच्या हातानं धरलेत.” माझ्या माहितीत कागल तालुक्यात तो करारनामा अखेरपर्यंत वाचलेला हा एकच मनुष्य असावा. वाचून झाल्यावर त्यांनी नकलेची मागणी केली; ती कोणाकडे करावी हे मात्र करारनाम्यात कुठेही नमूद नव्हते, आणि तेव्हापासून भाऊसाहेब व फोन या उभयतांत जी तेढ पडली ती आजतागायत मिटलेली नाही.

फोनचा एकंदर कारभार त्यांनी महसुली दृष्टीने तपासला. “मास्तर,” एकदा ते मला म्हणाले, “कब्जेदार सदरी माझं नाव आहे म्हणून मी खुशीत होतो. पण इतर हक्काचा रकाना बघितला आणि हादरलो. साऱ्या जगाची नावं!” अंधारात उजेड पाडणारे एक ॲप नातवाने घालून दिले होते, त्याने चालू होण्यापूर्वी नातलगांची यादी पाहण्याची परवानगी मागितली. “बॅटरीला माझ्या व्याह्यांचा पत्ता कशाला पाहिजे?” हा त्यांचा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेला, परंतु ज्या विषयावर विद्वान मंडळी मोठाले ग्रंथ लिहितात त्याचे मर्म याहून थोडक्या शब्दांत कोणी सांगितल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्यातच नातू दिवसाचा बहुतेक वेळ तो फोन हाती घेऊन बसू लागला, तेव्हा भाऊसाहेबांना कूळकायद्याची धास्ती पडली. 1 एप्रिल 1957 रोजी, म्हणजे कृषिदिनी, जो प्रत्यक्ष कसत होता तो मालक मानला गेला; आणि वहिवाटीचाच पुरावा धरायचा तर या फोनवर आपला हक्क कोणत्याही न्यायाधिकरणापुढे टिकणार नाही, हे त्यांच्यासारख्या जाणत्यास वेगळे सांगावयास नको होते. तेव्हापासून रोज सायंकाळी दिवेलागणीला ते फोन परत घेतात आणि वहिवाट खंडित झाल्याची नोंद डायरीत करतात.

कागलचे एक दुखणे असे की, महामार्गाने दूधगंगेपलीकडे थोडे अंतर गेले की कर्नाटकाची हद्द लागते, आणि फोनच्या लहरींना हद्दीचे दगड दिसत नाहीत. नदीकडच्या रानात गेलेल्या भाऊसाहेबांनी एकदा घरी फोन लावला, तो एका अपरिचित बाईने त्यांना कानडीत काहीतरी अदबीने सांगितले. दुसऱ्या दिवशी भेटताच ते कडाडले, “महाजन आयोगानं 1967 साली निपाणी इकडं द्या म्हणून शिफारस केली, ती अमलात आली नाही. आणि तुमच्या टॉवरनं एका रात्रीत कागल तिकडं देऊन टाकलं!” मी टॉवरचा मालक नसल्याचे त्यांना परोपरीने सांगितले, पण जो मनुष्य घरात इंटरनेट वापरतो तो त्याचा पक्षकार, ही त्यांची भूमिका ठाम आहे.

किराणा दुकानातल्या यंत्राने अमुक रुपये मिळाले म्हणून ओरडून सांगावे, हे त्यांना खासगी व्यवहाराची दवंडी वाटते, आणि ते अजून रोखीने खरेदी करतात. वस्तू घरपोच आणणाऱ्या पोराने पाच तारे देण्याची विनंती केली, तेव्हा गोपनीय अहवालाच्या शिस्तीने त्यांनी ‘निश्चित चांगला’ या अर्थी तीन दिले. पोरगे रडकुंडीला आले. “पहिल्याच भेटीत अत्युत्कृष्ट? मला उभ्या नोकरीत एकदाच मिळालं,” असे म्हणून त्यांनी त्याला चहा पाजला, पण तारा वाढवला नाही.

याचा अर्थ त्यांना नवे काहीच पटत नाही असा मात्र नव्हे. 15 ऑगस्ट 2021 पासून शेतकऱ्याने स्वतः फोनवरून पिकाचे छायाचित्र काढून ई-पीक पाहणी नोंदवावी असे सरकारने ठरवले, त्या वेळी गावात बराच गहजब झाला. भाऊसाहेब तेवढे प्रसन्न दिसले. या ॲपला पीक पाहण्यासाठी मनुष्य प्रत्यक्ष शेतात उभा असावा लागतो. “आमच्या वेळी चावडीत बसून सरसकट ऊस लिहीत असत,” असे ते म्हणाले, आणि ‘असत’ या क्रियापदाचा कर्ता कोण हे त्यांनी चतुराईने मोघम ठेवले.

परंतु त्यांचा खरा वैरी व्हॉट्सॲप. ज्या कागदावर जावक क्रमांक नाही, दिनांक नाही, पाठवणाऱ्याचा हुद्दा नाही, तो कागद त्यांच्या लेखी निनावी अर्ज असतो, आणि निनावी अर्जावर कार्यवाही करावयाची नसते. एखाद्या नटाच्या निधनाची वार्ता येऊन सारा समूह हात जोडलेल्या चित्रांनी भरून गेला की भाऊसाहेब त्याखाली लिहितात : ‘नोंद धरली. हरकतीस मुदत 15 दिवस.’ फेरफाराची ही रीत त्यांनी मृत्यूला लावली म्हणून लोक हसतात; पण मुदत संपण्यापूर्वी तो नट स्वतः हयात असल्याचे सांगत पडद्यावर हजर झाला, असेही घडले आहे.

अशातच 26 जून उजाडला. त्या दिवशी शाहू महाराजांच्या जयंतीनिमित्त समूहात एक चित्र आले. वर महाराजांचा फेटा बांधलेला चेहरा, त्याखाली ‘कागल येथे जन्मलेल्या राजर्षींचा अमूल्य विचार’ असा मथळा, त्याखाली विमा-एजंटाच्या जाहिरातीत शोभेल असे यशस्वी जीवनाविषयीचे एक वाक्य, आणि तळाशी ते अकरा जणांना पाठवण्याची आज्ञा. भाऊसाहेबांनी दुपारची झोप सोडून, एका बोटाने, सुमारे दीड तास खपून पुढील अर्थाचा शेरा लिहिला : महाराजांचे जन्मदाते आबासाहेब घाटगे हे कागलचे जहागीरदार, हे खरे, परंतु महाराजांचा जन्म 1874 साली कोल्हापुरी लक्ष्मीविलास राजवाड्यात झाला व 17 मार्च 1884 रोजी ते करवीरच्या गादीवर दत्तक गेले, सबब मथळा चूक. सदरहू वाक्यास कोणताही आधार दिसत नाही. मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखण्याचा हुकूम महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी करवीर सरकारच्या गॅझेटात छापून काढला. जो राजा एवढी मोठी गोष्ट तारखेनिशी सांगतो, तो यशस्वी जीवनाविषयी बिनतारखेचे बोलेल हे संभवत नाही. नामंजूर.

“आबा, गावचं नाव हुतंय तर हू द्या की!” नातू कळवळून म्हणाला. पण ज्याने सख्ख्या मेहुण्याच्या बांधाचा वाद मेहुण्याविरुद्ध नोंदवला, तो गावासाठी सरहद्द थोडीच सरकवणार!

कागलला लोक राजकारणाचे विद्यापीठ म्हणतात, आणि येथल्या कुठल्याही वाक्याचा विचार ते खरे की खोटे या अंगाने होत नसून, ते कोणाच्या सांगण्यावरून बोलले गेले या अंगाने होतो. महाराज कोठे जन्मले याची चौकशी एकानेही केली नाही. ते चित्र एका गटाच्या कार्यकर्त्याने पाठवले होते. तेव्हा भाऊसाहेब दुसऱ्या गटाला मिळाले, हे गैबी चौकातल्या चहाच्या गाड्यांवर तासाभरात सिद्ध झाले. दुसऱ्या गटाचे लोक सायंकाळी पेढे घेऊन घरी आले. भाऊसाहेबांनी त्यांच्याही समूहातल्या तीन वाक्यांचा आधार मागितला, आणि पेढे पिशवीतून बाहेर न येताच परत गेले. रात्री पहिल्या समूहाच्या चालकाने त्यांना काढून टाकले.

कारणे दाखवा नोटीस नाही, म्हणणे मांडण्याची संधी नाही, आणि एकदम बडतर्फी! एरवी शांत असणारा हा गृहस्थ रात्रभर येरझाऱ्या घालत होता, असे त्यांच्या पत्नींनी सांगितले. सकाळी त्यांनी आखीव कागद काढला, डावीकडे समास दुमडला, स्वतःच्या बारनिशी-वहीत जावक क्रमांक धरला, आणि समूहचालकास, जो त्यांच्या घरापासून चौथ्या घरी राहतो, रीतसर अपील लिहिले. नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाचा भंग झाल्याची सविस्तर कैफियत त्यात होती. ते नातवाहाती पाठवून पोच आणवली. चालकाने हसत हसत त्या अर्जाचा फोटो काढून समूहावर टाकला. तेथून तो निपाणीला गेला, निपाणीहून इचलकरंजीला, आणि तिसऱ्या दिवशी पुण्याच्या चिरंजीवांनी, हा अर्ज आपल्याच तीर्थरूपांचा आहे हे न ओळखता, “बाबा, तुमच्यासारखाच कोणी दिसतोय” असे लिहून तो भाऊसाहेबांना धाडला.

मी त्या वेळी समोरच बसलो होतो. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला, दिनांक पाहिला, जावक क्रमांक वहीशी ताडला, सही पाहिली आणि समाधानाने मान हलवली. “नक्कल अस्सलबरहुकूम आहे,” ते म्हणाले. मग थोडे थांबून, चष्म्यावरून माझ्याकडे पाहत त्यांनी विचारले, “पण मास्तर, नक्कल फी कोणी भरली?”