नादखुळा

रणजितच्या थंडरबर्डचा आवाज कसा आहे, हे रणजित सोडून अख्ख्या गल्लीला माहीत आहे. दोष त्याच्या कानांचा नाही. सायलेन्सरचं तोंड मागं, चालवणाऱ्याचे कान पुढं आणि त्यांवर हेल्मेट. पैसे मोजणाऱ्याला नुसता वारा ऐकू येतो, कोपऱ्यावरच्या आजोबांना मात्र मैफल फुकट. (आजोबांना ती नको असते, हा भाग वेगळा.)

हे त्याला तिसऱ्या सायलेन्सरनंतर उमगलं. तेव्हापासून गाडी मी चालवतो आणि तो रंकाळ्याच्या कठड्याला टेकून डोळे मिटून उभा राहतो. मी समोरून जायचं, वळून यायचं, पुन्हा जायचं. "चौथ्यात टाक भावा. आता थ्रॉटल सोड. हां… न्हाई, पत्रा वाजतोय." इतकं मन लावून ऐकणारी माणसं मी फक्त देवल क्लबाच्या गाण्याच्या मैफलीत बघितली आहेत.

कोल्हापुरात 'नाद' या शब्दाला दोन अर्थ, एक कानाचा आणि एक डोक्याचा. रणजितला दोन्ही एकदमच लागले.

गाडी २०१४ ची, ३४६ सीसी, एकच सिलिंडर. बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९०. हे आकडे तो कुंडली मांडल्यासारखे सांगतो. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत जाळ एकदाच होतो, म्हणजे उभ्या गाडीत हजार फेऱ्यांना मिनिटाला पाचशे ठोके. रणजितला ते सुटे सुटे ऐकायचे आहेत, तालमीतल्या हलगीसारखे. कंपनीचा सायलेन्सर त्यांचा गुरगुरणारा लगदा करतो, ही त्याची मूळ तक्रार. आवाज दाबणं हेच सायलेन्सरचं काम, असं मी एकदा म्हणालो. आठवडाभर तो माझ्याशी बोलला नाही.

त्याच्या मते सायलेन्सरांच्या जातींत शॉर्ट बॉटल घशातून बोलतो आणि लाँग बॉटल पोटातून. पंजाबच्या आत काचेची लोकर, त्यामुळं सुरुवातीला मऊ. लोकर जळून उडाली की बेसूर. गोल्डस्टार देखणा, जुन्या बीएसएच्या घराण्यातला, पण क्रूझरला लावला तर धोतरावर टाय. इंदोरीचं मात्र नाव काढायचं नाही. फटाके फोडत जाणाऱ्या पोरांची त्याला मनापासून किळस येते. चालत्या गाडीचं इंजिन क्षणभर बंद करून पुन्हा चालू करायचं. तेवढ्यात न जळलेलं पेट्रोल पाइपात साठतं आणि धाडकन पेटतं. "ह्यात कला काय हाय? गवयानं शिंकायचं आनि आपन टाळ्या वाजवायच्या?" आजोबांना आपला ठोका आणि हा फटाका यांतला फरक कळत नाही, याचं त्याला खरंच दुःख आहे.

शिवाजी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीकडून त्यानं सायलेन्सरच्या आतली जाळी चार बोटं कापून घेतली. ठोका मोकळा झाला, पण गाडी खालच्या फेऱ्यांना मरगळली. मिश्रणात हवा जास्त होतेय म्हणून मोठा मेन जेट बसवला, तर ॲव्हरेज पडलं. मग क्रोमचा बेंड पाइप निळा झाला. जोडावरचं पॅकिंग फुंकायला लागलं आणि थ्रॉटल सोडला की फटाके आपोआप! त्या दिवशी रणजित गाडी ढकलत घरी आला. शेवटी कापलेली चार बोटं पुन्हा वेल्ड केली. मिस्त्रीनं कापायचेही पैसे घेतले आणि जोडायचेही.

रणजितची नोकरी पतसंस्थेत, वसुली विभागात. त्याची गाडी दोन गल्ल्या अलीकडे असतानाच थकबाकीदार परसातून पसार होतात. साहेबांनी त्याला सायकल घ्यायला सुचवलं. त्यानं उलट त्यांनाच सुनावलं, हार्ले-डेव्हिडसननं १९९४ साली आपल्या इंजिनाच्या आवाजाचा ट्रेडमार्क मागितला होता. २००० साली अर्ज मागं घेतला, हे तो सांगत नाही.

पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडून रोलरखाली चिरडतात, त्याचा व्हिडिओ मी त्याला दाखवला. अद्दल घडावी हा हेतू. त्यानं मान फिरवली आणि पुटपुटला, "तिसरा गोल्डस्टार होता रे."

गेल्या नोव्हेंबरात आम्ही बुलेटवाल्यांच्या मेळ्यासाठी गोव्याला निघालो. थंडरबर्डवर मी. रणजित माझ्या ॲक्टिव्हावर मागं, हेल्मेटची काच वर करून. आंबोली घाटात आवाज दरीत जाऊन परत येतो, तो त्याला ऐकायचा होता. दर वळणावर तो मागून हात करायचा, अजून थोडं पीळ.

घाट उतरल्यावर हवालदारानं मला अडवलं. मी कागद काढतोय तोवर ॲक्टिव्हा आली. रणजित धापा टाकत उतरला आणि नमस्कार करून म्हणाला, "साहेब, लांबनं कसा वाटला?"

हवालदार त्याच्याकडं बघत राहिले. "पार वरच्या वळणापासनं ऐकतोय," ते म्हणाले.

रणजितचा चेहरा असा उजळलेला मी त्याच्या लग्नातही बघितला नव्हता. दंड त्यानंच भरला, हसत हसत. पावतीवर चालक म्हणून नाव माझं आहे.